काउंटरच्या अलीकडे

"घोरता का?"

हा प्रश्न विन्का श्कार्पाने विचारला, आणि तोही डॉक्टर तिहोमिर लासान यांना, भर धक्क्यावर, सोळा माणसांच्या देखत. डॉक्टर लासान स्प्लिटच्या विद्यापीठात पर्यटनशास्त्र शिकवीत. इतक्या उघड्यावर त्यांना असे कोणी विचारले नव्हते.

त्यांनी गळ्यातला मफलर उगाच सारखा केला. "म्हणजे... बायको म्हणते, अधूनमधून."

"बायको अधूनमधून म्हणते म्हणजे रोज." विन्काने वहीत खूण केली. "तुम्ही बार्बा प्रोश्पेरकडे. आमच्या गावातला सगळ्यांत बहिरा माणूस. घोरा, नाहीतर भोंगा वाजवा, त्याला काही फरक पडत नाही. पुढचे कोण? श्योरा, तुम्हांला जिना चढवतो का?"

"चढवतो. उतरवत नाही," काठीवर रेललेल्या वृद्ध प्राध्यापिका ग्रोज्दाना व्हुलेतिन म्हणाल्या. श्योरा ही इकडे वडीलधाऱ्या बाईला आदराने मारायची हाक.

"मग तळमजला. फुमित्साकडे. तिच्याकडे मांजर आहे आणि तोंड आहे; मांजर बाहेर काढता येतं."

"ऐकतेय मी!" मागून फुमित्सा ओरडली.

दोनची बोट खाडीच्या तोंडाशी आली होती, दोनदा डोलली होती आणि आल्या वाटेने परत फिरली होती. दक्षिणेचा वारा, ज्याला हे लोक युगो म्हणतात, सकाळपासून समुद्र उकरीत होता. आता उद्यापर्यंत बोट नव्हती. कार्निव्हलचा शेवटचा मंगळवार पाहायला सकाळच्या बोटीने आलेली सतरा माणसे फेब्रुवारीच्या मध्यावर या बेटावर अडकली होती. आणि फेब्रुवारीत या गावात एकही हॉटेल, एकही खानावळ, एकही भाड्याची खोली उघडी नसते. असे असताना पाऊण तासाच्या आत सतराही जणांना घर, गादी आणि रात्रीचे जेवण नेमून देणारी बाई एकच होती. तिला कोणी सांगितले नव्हते. तिने कोणाला विचारलेही नव्हते.

विन्का सहासष्ट वर्षांची होती. त्यातली अडतीस वर्षे तिने खाडीवरच्या आगावा हॉटेलात, रिसेप्शनच्या काउंटरमागे उभी राहून काढली. काउंटरवर पितळेची घंटी होती. पाहुण्याने तिच्यावर तळहात मारावा आणि विन्काने मागच्या खोलीतून यावे, असा तो अडतीस वर्षांचा क्रम. त्या काळात सात मॅनेजर आले आणि गेले. सातही जणांकडे पदवी होती, आणि बॉयलरची चावी कोणत्या बाजूला फिरवायची हे सातही जणांना विन्काने दाखवले. मुख्य रिसेप्शनिस्टची जागा तीनदा रिकामी झाली. तीनदा ती बाहेरून आलेल्या शिकलेल्या माणसाला मिळाली. विन्काने कधी तक्रार केली नाही. ती फक्त मनाशी म्हणे, यांना असे काय ठाऊक आहे, जे मला नाही? चार वर्षांपूर्वी हॉटेल बंद पडले, विन्का निवृत्त झाली आणि पुढच्याच महिन्यात तिने विद्यापीठात जागतिक पर्यटन आणि समारंभ-व्यवस्थापन या विषयाला नाव घातले. ते ठाऊक असलेले काय आहे, ते तिला एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते.

आठवड्यातून तीन दिवस ती पहाटे सहाच्या बोटीने जाई आणि रात्री आठच्या बोटीने परत येई. बोटीच्या खालच्या सलूनमध्ये चष्मा लावून ती रिओच्या मिरवणुकीची गर्दी, दुबईची प्रदर्शने, व्हेनिसच्या गल्ल्यांवरचा भार असे सगळे वाचून काढी. पुस्तकात पुष्कळ पाणी होते, पण मधूनमधून खडकही लागे. एखादी जागा किती माणसे सोसू शकते याला शास्त्रात नाव आहे, मोजमाप आहे, हे तिने ज्या दिवशी वाचले, त्या दिवशी ती बोटीतून उतरायची विसरली. तीस वर्षे ऑगस्टमध्ये तिच्या डोळ्यांदेखत ही खाडी गुदमरत होती, आणि त्या गुदमरण्याला शब्द आहे हे तिला आता कळत होते. सगळे विषय सुटले. एकच अडला: समारंभांची आखणी. शिकवणारे डॉक्टर लासान.

पहिल्या परीक्षेत प्रश्न होता, कोणत्याही समारंभाची आखणी कुठून सुरू होते? विन्काने लिहिले, वाऱ्यापासून. नापास. दुसऱ्यांदा तोंडी परीक्षा झाली. लासान म्हणाले, "पुस्तकात वारा नाही, श्योरा." विन्का म्हणाली, "मग पुस्तक लिहिणारा कधी बोटीने आलेला नाही." नापास. तिसऱ्यांदा तिला उत्तर पाठ होते. आखणी उद्दिष्टापासून सुरू होते, हे वाक्य तिला झोपेतही म्हणता आले असते. पण परीक्षेच्या खोलीत लासानांनी तोच प्रश्न तशाच आवाजात विचारला आणि तिची मान आपोआप ताठ झाली. "वाऱ्यापासून," ती म्हणाली.

चौथी परीक्षा नियमाप्रमाणे तीन परीक्षकांच्या मंडळापुढे होते. तीही हुकली तर सगळे वर्ष पुन्हा. आणि विन्काच्या गुडघ्यांनी तिला स्पष्ट कळवले होते, की बोटीचा जिना आणखी एक वर्ष चढणे त्यांना जमणार नाही.

चौथी परीक्षा उद्या सकाळी दहाला होती. मंडळाचे तिन्ही सदस्य आज छोट्या गावांच्या उत्सवांचा अभ्यास करायला प्रश्नावलीचे गठ्ठे घेऊन इथे आले होते: लासान, प्राध्यापिका व्हुलेतिन, आणि सर्दीने बेजार झालेले तिसरे एक गृहस्थ, ज्यांना विन्काने रोझमेरीची राकिया, म्हणजे कडक दारू, बनवणाऱ्या घरी पाठवून दिले. चौघांनाही उद्याचे ठाऊक होते. चौघांपैकी एकानेही धक्क्यावर तो विषय काढला नाही.

फुमित्साने मात्र काढला. ती विन्काची नणंद. काही काढायचे ठेवणे तिच्या स्वभावात नव्हते.

"तुझ्या घरी तीन खोल्या धुऊनपुसून रिकाम्या, आणि सतरापैकी एकही माणूस तू स्वतःकडे ठेवला नाहीस? सगळी आमच्याच गळ्यात?"

"चौदा मी ठेवले असते. पण बाकीच्या तिघांना काय सांगू, की तुम्ही तेवढे नको? म्हणून कोणीच नाही."

"ते तिघे का नको?"

"ते उद्या मला प्रश्न विचारणार आहेत. आज माझ्या उशीवर झोपून, माझ्या घेवड्याचं सूप पिऊन? मग मी पास झाले तर तूच पहिली म्हणशील, विन्का सुपावर पास झाली."

"म्हणीनच," फुमित्साने प्रामाणिकपणे कबूल केले. "तुझं सूप चांगलं असतं."

माणसे मार्गी लागली, तर पुतळ्याचे अडले.

या गावात दरवर्षी कार्निव्हलच्या शेवटच्या संध्याकाळी एका गवती पुतळ्यावर खटला चालतो. त्याचे नाव क्रन्यो. सरत्या वर्षात जे जे वाईट झाले, ते ते सगळे त्याने केले असे सिद्ध होते. त्याला शिक्षा होते. आणि त्याला धक्क्यावर जाळतात. बुधवारी ईस्टरआधीचे उपवास सुरू होतात; त्या सकाळी चर्चमध्ये राख कपाळाला लागायच्या आत हे व्हावेच लागते. एक दिवस पुढे ढकलायची सोय नाही.

"यंदा नाही जमणार," सगळ्या गावाचा बार्बा, म्हणजे काका, असलेल्या प्रोश्पेरने जाहीर केले. ऐंशीच्या घरातला हा उंच म्हातारा गेली बावीस वर्षे क्रन्योचा फिर्यादी होता. वाक्य त्याने मंद आवाजात म्हटले असे त्याला वाटले. ते खाडीपलीकडे ऐकू गेले. "युगो ठिणग्या सरळ होड्यांवर नेईल. जाळी आहेत, डांबर आहे. एका पुतळ्यासाठी अकरा होड्या जाळू?"

"युद्धाच्या वर्षीसुद्धा जाळला होता," फुमित्सा म्हणाली.

"युद्धाच्या वर्षी युगो नव्हता!"

धक्क्यावर माणसे जमली होती. मुखवटे कपाळावर सरकवलेले, हातात ढोलकी, पीठ फासलेले चेहरे, आणि त्यांवर अशी कळा की खटला क्रन्योवर नव्हे, त्यांच्यावरच चालणार आहे. युगोत माणसांची मने अशीच जड होतात. इथे कोणी युगोत लग्न ठरवत नाही, की घराचा सौदा करत नाही.

विन्काने वही मिटली.

"आपण त्याला जाळतो कशाला?"

सगळे तिच्याकडे वळले. फुमित्साने छातीवर क्रूस काढला. "हिला शिकवून ठेवलं त्यांनी! कशाला म्हणजे काय? जाळतात म्हणून जाळतात!"

"नाही, सांग ना. कशाला?"

"वर्षभराचं वाईट जावं म्हणून," कोणीतरी मागून म्हणाले.

"आणि सगळ्या गावाने एका जागी बसून हसावं म्हणून," दुसरे म्हणाले. "वर्षातून एकदा तरी."

विन्का प्रोश्पेरच्या उजव्या कानाशी गेली. तो त्यातल्या त्यात बरा होता. "यात धक्का कुठे आला, प्रोश्पेर?"

"काय?"

"धक्का! धक्का कशाला हवा?"

"मग काय माझ्या अंगणात जाळतेस?"

"आगावाच्या तलावात," विन्का म्हणाली.

मग एकेकाच्या चेहऱ्यावर ते उमटत गेले. हॉटेलामागचा पोहण्याचा तलाव चार वर्षे कोरडा पडला होता. चारी बाजूंनी सिमेंट, तळाला निळी फरशी, आणि दक्षिणेला पाच मजल्यांची इमारत, वारा अंगावर झेलत उभी. किल्ली विन्काकडे होती. हॉटेल विकत घेतलेल्या कंपनीने चार वर्षांत ती कधी मागितली नव्हती. पुढच्या हिवाळ्यात इमारत पाडायचीच आहे, तर किल्ली हवी कोणाला?

जरा दूर उभे राहून लासान हे सगळे ऐकत होते. त्यांच्या हातातल्या प्रश्नावलीचा एक कागद वाऱ्याने नेला. तो धरायला ते धावले नाहीत.

तासाभरात गाव तलावाच्या काठावर बसले. पाय आत सोडून, चारी बाजूंनी, जसे कोणी मुद्दाम बांधलेल्या रंगमंचाभोवती बसावे. इमारतीच्या आडोशाला वारा नव्हता. तो छपरावरून नुसता हुंकारत निघून जात होता. बायकांनी मनुका आणि संत्र्याची साल घातलेल्या, तळलेल्या गोड गोळ्यांच्या, म्हणजे फ्रितुल्यांच्या, परड्या आणल्या होत्या. मुखवट्याशिवाय कोणी बसायचे नाही असा नियम; आणि पाहुण्यांकडे मुखवटे कुठले? विन्काने धोबीखाना उघडला. सतरा पाहुणे मेजपोश, पडदे आणि उशांचे अभ्रे पांघरून नटले. प्राध्यापिका व्हुलेतिन सोनेरी गोंड्यांचा पडदा लेवून राणीसारख्या बसल्या. डॉक्टर लासानांच्या डोक्यावर हॉटेलच्या आचाऱ्याची उंच टोपी होती आणि नाकापासून खाली रुमाल. त्यांच्या जन्मदात्या आईनेही त्यांना ओळखले नसते.

प्रोश्पेरने तर नाहीच ओळखले. आपल्या घरी कोण उतरले आहे हे त्याला दोनदा ओरडून सांगितले होते. दोन्ही वेळा त्याने समाधानाने मान हलवली होती, म्हणजे त्याला काही ऐकू आले नव्हते.

तलावाच्या तळाशी, जिथे पूर्वी पाणी सर्वांत खोल असे, तिथे क्रन्यो खुर्चीला बांधलेला होता. पोहण्याच्या शिडीवरून प्रोश्पेर काळा झगा सावरीत खाली उतरला आणि त्याने गुंडाळी उलगडली.

"आरोपी क्रन्यो! तुझ्यावर आरोप पहिला. सप्टेंबरात द्राक्षं पिकायच्या आठवड्यात तू पाऊस पाडलास!"

"पाडला!" काठ गर्जला.

"आरोप दुसरा. उन्हाळ्याच्या वेळापत्रकात तू सकाळची बोट वीस मिनिटं आधी केलीस, आणि कोणाला सांगितलं नाहीस!"

"नाही सांगितलं!"

"आरोप तिसरा. फुमित्साच्या शेळीला दोन्ही बोकडच झाले!"

"दोन्ही!" फुमित्साचा आवाज सगळ्यांच्या वर.

"आरोप चौथा..." इथे प्रोश्पेरने गुंडाळी दूर धरली, जवळ आणली. विन्काला पुढचे वाक्य ठाऊक नव्हते. पण म्हाताऱ्याने ज्या मायेने तिच्याकडे पाहिले, त्यावरून ते तिच्या लक्षात आले. ती खोकली. ती पुन्हा खोकली. तिने दोन्ही हात वर करून हलवले. प्रोश्पेरला वाटले, ती दाद देते आहे.

"आरोप चौथा आणि सर्वांत भयंकर! आमची विन्का, जिने अडतीस वर्षं या छपराखाली अर्ध्या जगाला झोपवलं, तिला तू, अरे गवताच्या गाढवा, पर्यटन येत नाही म्हणून तीनदा नापास केलंस!"

काठ असा गर्जला की छपरावरची कबुतरे उडाली. ढोलक्या वाजल्या. कोणीतरी फ्रितुला फेकून मारला. तो क्रन्योच्या नाकाला लागला. विन्का जिथे होती तिथेच गोठून उभी राहिली. उद्या सकाळचे दहा वाजणे तिच्या डोळ्यांपुढे त्या गवतासारखेच पेटताना तिला दिसले.

"आरोपीची बाजू कोण मांडणार?" प्रोश्पेरने रिवाजाप्रमाणे विचारले. रिवाजाप्रमाणे कोणी उठत नाही, आणि मग काडी लागते.

आचाऱ्याची टोपी उठली.

डॉक्टर लासान शिडीवरून खाली उतरले. शेवटच्या दोन पायऱ्या गंजलेल्या होत्या, त्यामुळे ते उतरले कमी आणि पडले जास्त. उभे राहून त्यांनी रुमाल खाली ओढला.

"पहिल्या तीन आरोपांबद्दल मला काही म्हणायचं नाही," ते मोठ्याने म्हणाले. वर्गात बोलत तसेच. "चौथ्या आरोपात मात्र क्रन्यो निर्दोष आहे. श्योरा विन्काला नापास मी केलं. तिन्ही वेळा."



"काय म्हणतोय तो?" प्रोश्पेरने विचारले.

फुमित्सा काठावरून वाकली आणि आपल्या सर्व ताकदीनिशी ओरडली, "म्हणतोय, गाढव मी आहे!"

आणि मग हसू फुटले. ते आधी प्राध्यापिका व्हुलेतिन यांना आले, सोनेरी गोंड्यांसकट. मग पाहुण्यांना, मग गावाला, मग खुद्द लासानांना, ज्यांना गुडघे धरून क्रन्योशेजारी खाली बसावे लागले. प्रोश्पेरने न्यायाधीशाची वाट पाहिली नाही. शिक्षा त्यानेच ठोठावली: क्रन्योला आग, आणि साक्षीदाराला दहा फ्रितुले आणि फुमित्साबरोबर एक नाच. दोन्ही शिक्षा तात्काळ अमलात आल्या. क्रन्यो शांतपणे, सरळ वर जळत गेला. एकही ठिणगी काठाबाहेर गेली नाही. निळ्या फरशीवर उजेड हलू लागला तेव्हा क्षणभर असे वाटले, की तलावात पुन्हा पाणी भरले आहे. विन्का ते पाहत होती. ती हसत नव्हती असे नाही; पण हसता हसता तिचे ओठ घट्ट मिटले होते.

फुमित्साच्या हातून सुटल्यावर, घामाघूम झालेले लासान विन्काजवळ आले.

"श्योरा विन्का, मी त्या दोघांशी बोललो. उद्या परीक्षेची गरज नाही. सतरा माणसं, पाऊण तास. जागा बदलली, आगीचा धोका टाळला. मी वर्गात जे सेमिस्टरभर शिकवतो, ते तुम्ही आज दुपारी केलंत. गुणांची पुस्तिका द्या, मी सही करतो."

विन्काने त्यांच्याकडे असे पाहिले, की त्यांनी टोपी काढली.

"आज माझ्या गावाने तुम्हांला गाढव म्हटलं, नाचवलं, तुमच्या तोंडात फ्रितुले कोंबले. आता तुम्ही सही केलीत तर ती कशाची? लाजेची? भीतीची? शिवाय युगो आहे. युगोत इथे कोणी कशावर सही करत नाही."

"पण तुम्ही खरोखरच—"

"परीक्षा दहाला लावली होती ना? मग दहाला. बोट नाही म्हणून वेळ बदलत नाही. माणसं सगळी इथंच आहेत." ती वळली आणि पुन्हा थांबली. "आणि प्रश्न सोपे काढायचे नाहीत. मला कळतं."

पहाटे वारा फिरला. उत्तरेचा कोरडा वारा उतरला, ढग झाडून गेला आणि समुद्र निळा, बारीक सुरकुत्यांचा झाला. बाराला बोट येणार असे बंदरावरून कळले.

परीक्षेला जागा कोणती, यावर विन्काने आदल्या संध्याकाळीच विचार केला होता. तिच्या घरी नाही. शाळेला सुटी. प्रार्थनेला जमलेले गाव चर्चमध्ये. उरले आगावाचे रिसेप्शन. दहाला पाच मिनिटे असताना तिने पुढचे दार उघडले. भिंतीवर किल्ल्यांची फळी होती, एकशेवीस आकड्यांची, किल्ल्यांविना. खाली काउंटर. वर घंटी. सगळीकडे धूळ, फक्त काउंटर पुसलेले. ते कोणी पुसले, हे कोणी विचारले नाही. मंडळाच्या तिघांच्याही कपाळावर, वाटेत चर्चमध्ये लावून घेतलेली, राखेची खूण होती, विन्काच्याही.

"आम्ही कुठं बसू?" व्हुलेतिनबाईंनी विचारले.

"तिकडे. मागे." विन्काने काउंटरमागच्या तीन खुर्च्या दाखवल्या. स्वतः ती अलीकडे उभी राहिली, जिथे पाहुणे उभे राहतात. अडतीस वर्षांत ती या बाजूला कामाशिवाय कधी थांबली नव्हती. इथून छप्पर जास्त उंच दिसत होते.

लासानांनी घसा साफ केला. विद्यापीठात प्राध्यापक विद्यार्थ्यांना सहकारी म्हणून हाक मारतात, विशीतल्या पोरांनाही. फक्त विन्काला, तिच्या पांढऱ्या केसांपुढे अवघडून, ते तीन वर्षे श्योरा म्हणत आले होते.

"सहकारी श्कार्पा," ते म्हणाले, "सुरुवात करू या."

विन्काने पाठ आणखी सरळ केली.

"समारंभाची आखणी कुठून सुरू होते?"

सर्दीवाले गृहस्थ शिंकायचे थांबले. व्हुलेतिनबाईंनी छताकडे पाहिले.

"उद्दिष्टापासून," विन्का म्हणाली.

लासान थोडे पुढे झुकले. "नक्की?"

"नक्की. काल धक्क्यावर मी वाऱ्यापासून सुरुवात केली असती, तर क्रन्यो अजून गोठ्यात पडून असता. कशासाठी हे आधी विचारलं, तेव्हा जागा सापडली. तुमचं पुस्तक बरोबर आहे. मीच तीनदा हट्ट केला."

"आणि वारा?"

"वारा दुसऱ्या पानावर." ती क्षणभर थांबली. "पण पान असायला हवं. काल तुम्हांला उद्दिष्ट अगदी स्पष्ट होतं, आणि परत जायला बोट नव्हती."

व्हुलेतिनबाईंनी रुमाल तोंडावर धरला. लासानांनी काहीतरी लिहून घेतले. ते गुण नव्हते. पुढे त्यांनी गर्दीच्या वहनक्षमतेचे विचारले, आणि ऑगस्टमधल्या खाडीबद्दल विन्का अकरा मिनिटे बोलली. सर्दीवाल्यांनी तिला थांबवले नाही. पण समारंभानंतरच्या मूल्यमापनाच्या पायऱ्या क्रमाने सांगा म्हटल्यावर तिला पाचपैकी तीनच आठवल्या. जागतिक प्रदर्शनांच्या निविदांवर ती पूर्णच अडखळली. तिने थापा मारल्या नाहीत. "हे मला येत नाही," ती म्हणाली, आणि हात काउंटरवर ठेवून उभी राहिली.

तिघांनी डोकी एकत्र केली. कुजबूज रिकाम्या दालनात स्पष्ट ऐकू येत होती. व्हुलेतिनबाई पाच म्हणत होत्या. सर्दीवाले चार. लासान आपली टिपणे पुन्हा वाचत होते. शेवटी त्यांनी विन्काची निळ्या पुठ्ठ्याची पुस्तिका उघडली, शाईचे पेन काढले आणि लिहिले. पुस्तिका त्यांनी काउंटरवरून सरकवली, जशी किल्ली सरकवतात.

तीन.

विन्काने चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिले. पाचापैकी तीन. शेरा: चांगला. खाली सही, स्वच्छ, कोपरे असलेली. तिचा चेहरा असा उजळला, की व्हुलेतिनबाईंना आपण का भांडत होतो ते समजेना.

"पाच लिहिले असतेत," विन्का लासानांना म्हणाली, "तर ते फ्रितुल्यांचे असते. चार असते तर माझ्या केसांचे. हे माझे आहेत."

"म्हणूनच," लासान म्हणाले.

बाराला बोटीचा भोंगा झाला. धक्क्यावर सतरा माणसे आणि सगळे गाव एकमेकांच्या गळ्यात पडत होते. लासानांच्या बगलेत प्रोश्पेरने बळेच दिलेली मधाची बरणी होती, आणि त्याने भरलेली प्रश्नावली, ज्यात एक ते पाचपैकी गुण द्या म्हटल्यावर त्याने सगळीकडे सहा लिहिले होते. "रात्रभर घोरला पोरगा," प्रोश्पेर अभिमानाने सांगत होता, "मला जमिनीतून जाणवत होतं!" फुमित्सा विन्काला शोधत होती. घरी सुपाचे भांडे चढले होते. आता ते कोणालाही वाढायला हरकत नव्हती.

विन्का अजून रिसेप्शनमध्ये होती. खुर्च्या जागेवर लावायच्या होत्या, दार बंद करायचे होते. तिने पुस्तिका कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. जायला वळली, आणि तिची नजर घंटीवर पडली. ती घंटी तिने हजारो वेळा ऐकली होती. वाजवली कधीच नव्हती.

तिने तळहात उचलला आणि घंटीवर मारला.

आवाज दालनभर गेला, जिन्यावरून वर चढला, पाचव्या मजल्यापर्यंत पोहोचला आणि विरला. मागच्या खोलीतून कोणी आले नाही. चांगल्या पाहुण्याने जितका वेळ थांबावे, तितका वेळ विन्का काउंटरच्या अलीकडे, हात जुळवून, न कंटाळता थांबली. मग तिने कोटाची बटणे लावली आणि पुढच्या दाराने बाहेर पडली.